सेरामपूरच्या छापखान्याची आग, १८१२: एका प्रकरणाचा अभ्यास

संकटात विश्वास कसा टिकला हे सांगणाऱ्या साक्षी आपण ख्रिस्ती मंडळीत पुष्कळ ऐकतो. बहुतेकींचा साचा एकच असतो: संकट आलं, प्रार्थना केली, प्रभूने सोडवलं. साक्ष खोटी असते असं मुळीच नाही, पण मधला सगळा भाग गाळलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून माणसांनी नेमकं काय केलं, कोण रडलं, कोण कामाला लागलं, पैसे कुठून आले आणि त्याच घरात कोण कोलमडून पडलं, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून हा मधला भाग ज्यात बऱ्यापैकी शाबूत आहे असं एक प्रकरण इथे घेतलं आहे. त्यातल्या माणसांनी पत्रं लिहिली, रोजनिशा ठेवल्या, हिशेब ठेवले. त्यामुळे दोनशे वर्षांनंतरही त्या आठवड्यात काय काय झालं ते बरंचसं जुळवता येतं.

प्रकरण आहे सेरामपूरच्या मिशन छापखान्याला ११ मार्च १८१२ रोजी लागलेल्या आगीचं.

सेरामपूर हे हुगळीच्या काठावरचं, कलकत्त्याच्या उत्तरेचं गाव. तिथे डेन्मार्कची वसाहत होती. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलुखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या तिघांनी १८०० साली डॅनिश आसरा धरला. केरी मूळचे चांभार. इंग्लंडात जोडे शिवता शिवता भाषा शिकलेले. मार्शमन शिक्षक, तर वॉर्ड मुद्रक. मराठी वाचकाला केरींची ओळख वेगळी करून द्यायला नको. १८०५ साली त्यांनी मराठीचं व्याकरण छापलं, १८१० साली मोडी अक्षरांत मराठी शब्दकोश काढला, आणि मत्तयकृत शुभवर्तमान पहिल्यांदा मराठीत छापलं गेलं तेही १८०५ मध्ये याच छापखान्यात. पंडित वैजनाथ शर्मा हे त्यांचे मराठीचे गुरू आणि सहकारी. केरी स्वतः कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत. त्यासाठी आठवड्यातले काही दिवस ते कलकत्त्यातच मुक्कामाला असत. आगीची ती बुधवारची संध्याकाळही अशीच, ते गावात नसताना आली.

त्या रात्री

छापखान्याची इमारत साधारण दोनशे फूट लांब आणि पन्नास फूट रुंद. संध्याकाळी सहाच्या सुमाराला वॉर्ड आपल्या खोलीत कामात होते. इमारतीच्या दुसऱ्या टोकाला कागद रचून ठेवले होते, तिकडून धूर येताना दिसला. ते धावले, आत शिरले आणि धुराने गुदमरून बाहेर पडले. मग मुद्रकाला जे सुचायला हवं तेच त्यांना सुचलं. त्यांनी दारं-खिडक्या बंद करून घेतल्या, म्हणजे आगीला हवा मिळणार नाही, आणि छपरातून पाणी ओतायला सुरुवात केली. काही तास हा उपाय चाललाही. पण गडबडीत कुणीतरी एक खिडकी उघडली. वारा आत घुसला आणि आग सगळीकडे पसरली. मध्यरात्रीच्या सुमाराला छप्पर कोसळलं.

आग कशी लागली हे कधीच कळलं नाही. जीवितहानी मात्र झाली नाही. बाजूच्या खोलीतली पाच छापयंत्रं बाहेर काढता आली, हिशेबाच्या वह्या वाचल्या. बाकी जवळपास सगळं गेलं. पूर्वेकडच्या चौदा भाषांचे शिशाचे खिळे (छपाईची सुटी अक्षरं), विलायतेहून नुकताच आलेला इंग्रजी खिळ्यांचा साठा, कागदाची हजाराहून अधिक रिमं, छापून तयार असलेले फॉर्म. पैशात मोजायचं तर सत्तर हजार रुपयांच्या आसपास, म्हणजे त्या काळचे नऊ-दहा हजार पौंड.

पण हे सगळं विकत आणता येण्याजोगं होतं. हस्तलिखितांचं तसं नव्हतं. तेलुगू आणि पंजाबी व्याकरणांची हस्तलिखितं, बायबलच्या अनेक भाषांतल्या भाषांतरांचे भाग, रामायणाच्या भाषांतराची पानं आणि केरी कित्येक वर्षं जमवत असलेला, संस्कृतशी नातं असलेल्या भारतीय भाषांचा एक मोठा बहुभाषी कोश. यांच्या नकला नव्हत्या. हाताने लिहिलेला कागद जळला की तो जळलाच. ज्यांनी प्रबंध किंवा हिशेब किंवा कुठलंही दीर्घ काम एकटाकी केलं आहे, त्यांना या नुकसानीची जात वेगळी सांगायची गरज नाही.

गुरुवारी सकाळी मार्शमन कलकत्त्याला गेले आणि त्यांनी केरींना बातमी सांगितली. केरी सुन्न झाले. काही वेळ त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याच दिवशी दोघं परतले. सोबत टॉमसन नावाचे एक इंग्रज धर्मोपदेशक होते, त्यांनी पुढे हा प्रसंग लिहून ठेवला. धुमसत्या ढिगाऱ्यावरून केरी त्यांच्याबरोबर चालत होते, अंगणभर अर्धवट जळालेले कागद पडले होते आणि केरींच्या डोळ्यांत पाणी होतं. एका रात्रीत वर्षांची मेहनत गेली, देवाचे मार्ग कळत नाहीत, अशा अर्थाचं ते बोलले. आणखी एक गोष्ट ते म्हणाले, तिच्याकडे पुढे परत यावं लागेल: आपण काही कामं अगदी पूर्णत्वाला आणली होती, आपल्या या पसाऱ्याकडे जरा जास्तच समाधानाने बघत होतो, तेव्हा प्रभूने आपल्याला खाली आणलं.

रविवारी त्यांनी उपदेश केला. वचन होतं बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्र ४६ मधलं: "शांत राहा आणि लक्षात ठेवा की, मीच देव आहे." मुद्दे दोनच. आपल्याबाबतीत जे करायचं ते करण्याचा अधिकार देवाला आहे, हा एक. आणि तो जे करील त्याला आपण राजीखुशीने मान तुकवावी, हा दुसरा.

इथे जरा थांबायला हवं. या उपदेशाचा सारांश नुसता वाचला तर तो कोरडा वाटतो, थोडा कठोरही. पण क्रम बघा. आधी गुरुवारचे अश्रू, मग रविवारचा उपदेश. ढिगाऱ्यावर उभं राहून केरींनी 'काही झालंच नाही' असा आव आणला नाही, किंवा 'जे झालं ते चांगल्यासाठीच' हे आपलं ठेवणीतलं वाक्यही फेकलं नाही. उपदेशातही झालेलं नुकसान चांगलं आहे असा दावा कुठेच नाही. दावा इतकाच आहे की हे ज्याच्या हातात आहे तो देव आहे. या दोन गोष्टींत फार अंतर आहे. पहिलीत दुःख नाकारलं जातं, दुसरीत ते कुणापुढे ठेवायचं ते ठरतं. स्तोत्र ४६ देखील सुखाच्या दिवसांतलं नाहीच. पृथ्वी ढळते, डोंगर समुद्राच्या पोटात कोसळतात, राष्ट्रं खवळतात, आणि या सगळ्या कोलाहलात 'शांत राहा' हे शब्द येतात.

राख चाळताना

रविवार यायच्या आधीच वॉर्ड कामाला लागले होते, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आग विझल्यावर त्यांनी माणसं लावून ढिगारा उपसायला घेतला. वितळलेल्या शिशाचे गोळे निघाले, पुढे त्यांचं वजन साडेतीन टनांपर्यंत भरलं. पण खरा लाभ वेगळाच होता. अक्षरं पाडायचे पोलादी ठसे राखेत सापडले आणि ते शाबूत होते.

याचं मोल समजायला खिळे कसे बनत ते थोडं सांगावं लागेल. आधी कारागीर पोलादाच्या दांडीच्या टोकावर एकेक अक्षर उलटं कोरतो, तो ठसा. मग तो तांब्यावर ठोकून अक्षराचा साचा पाडतो. त्या साच्यात वितळलेलं शिसं ओतलं की छापायचा खिळा तयार होतो. खिळे झिजतात, मोडतात. पुन्हा ओतता येतात. ठसा गेला तर मात्र सगळं पहिल्यापासून. रोमन लिपीला थोडेच ठसे पुरतात, पण नागरीला काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं धरून या छापखान्यात सुमारे ७०० ठसे कोरायला घेतले होते. ते काम पंचानन कर्मकार यांनी सुरू केलं. बंगाली खिळ्यांचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. त्यांच्या मृत्यूनंतर जावई मनोहर यांनी ते काम पुढे नेलं. पोलाद शिशापेक्षा फार जास्त उष्णता सोसतं, म्हणून आगीत शिसं वितळलं आणि ठसे राहिले. अशा एका तपशिलावर पुढचं सगळं अवलंबून होतं.

शेजारीच मिशनचं एक मोठं गोदाम नुकतंच भाडेकऱ्याने रिकामं केलं होतं. यंत्रं तिथे हलवली. वितळलेलं शिसं पुन्हा भट्टीत गेलं. ओतारी पाळ्या लावून रात्रंदिवस खिळे ओतू लागले, पंडित आणि केरी जळालेली भाषांतरं पुन्हा करायला बसले. काही आठवड्यांतच एकेका भाषेची छपाई परत सुरू झाली, तमिळ पहिल्यांपैकी. पंजाबी व्याकरण, ज्याचं हस्तलिखित जळालं होतं, त्याच वर्षी, १८१२ मध्येच, छापून बाहेर पडलं. तेलुगू व्याकरण १८१४ मध्ये आलं. वैजनाथांची मराठी 'सिंहासन बत्तिशी'ही १८१४ मधलीच, याच छापखान्यातली.

केरींनी या सुमाराला एका पत्रात लिहिलं की दुसऱ्यांदा चाललेला रस्ता कितीही कष्टाचा असला तरी पहिल्या वेळेपेक्षा सोपा आणि खात्रीचा जातो, तेव्हा कामाचं खरं नुकसान फारसं होणार नाही. वाक्य छान आहे, पण ते लिहिणारा माणूस तेव्हा पन्नाशीत होता आणि कित्येक वर्षांचं काम हरवून बसला होता, हे विसरू नये. स्वतःबद्दल ते एकदा पुतण्याला म्हणाले होते की मला एवढंच जमतं, हाती घेतलेलं काम रेटत राहणं. जे काही झालं ते त्यामुळेच.

आता प्रश्न असा की या माणसांना हे जमलं कशामुळे? 'विश्वासामुळे' हे उत्तर बरोबर आहे, पण त्यावर थांबलं तर आपण काहीच शिकलो नाही. कारण हाच विश्वास याच केरींकडे सतरा-अठरा वर्षांपूर्वीही होता, आणि तेव्हा तो जेमतेम तगला होता.

ते दिवस मदनाबाटीचे. १७९३ च्या नोव्हेंबरात केरी कुटुंबासह बंगालात उतरले. पैसा लवकरच संपला. काही महिने सुंदरबनाच्या कडेला काढले, मग माल्दा भागात मदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यावर देखरेखीची नोकरी मिळाली. तिथे १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. परक्या जातीचं, परक्या धर्माचं प्रेत. खड्डा खणायला आणि खांदा द्यायला माणसं मिळेनात. केरी स्वतः आजारी होते. त्या काळातल्या त्यांच्या नोंदींत ते या जागेला मृत्युच्छायेची दरी म्हणतात आणि मन मोकळं करायला एखादा सहानुभूतीचा मित्र मिळावा म्हणून तळमळतात. त्याच नोंदीत पुढे हेही आहे की असं असूनही मी इथे आहे याचा मला आनंद आहे, आणि देव इथे आहे. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची, एकाच बैठकीतली. विश्वास होता, आशा होती. पण माणूस एकटा होता आणि ते एकटेपण त्याला खात होतं.

सेरामपूरला तसं नव्हतं. तिथे सगळी कुटुंबं एका मेजावर जेवत. केरींचा कॉलेजातला पगार, मार्शमन पति-पत्नींच्या शाळांचं उत्पन्न, छापखान्याची कमाई, सगळं एका सामाईक पेटीत जाई आणि प्रत्येकाला खर्चापुरतं मिळे. आठवड्यातली एक संध्याकाळ आपसातली कुरबुर मिटवण्यासाठी राखून ठेवलेली असे. मनात जे आहे ते बोलायचं, क्षमा मागायची, मगच पुढचा आठवडा. ऐकायला हे साधं वाटतं. एकत्र कुटुंबात राहिलेल्या माणसाला विचारा, असा नियम बारा वर्षं पाळणं किती अवघड असतं ते! आगीच्या रात्री जे कामाला आलं त्याची तयारी या संध्याकाळींत झाली होती. वॉर्ड आग विझवत होते तेव्हा केरी गावात नव्हते. केरी सुन्न बसले तेव्हा वॉर्ड राख उपसत होते. आणि दोघांच्या मधली ती कठीण बातमी मार्शमननी पोचवली. तिघांपैकी एकानेही एकट्याने पूर्ण धीर धरलेला नाही. प्रत्येक वेळी कुणी ना कुणी खचलेलं होतं आणि कुणी ना कुणी उभं होतं.

प्रेषित पौल रोमकरांस पत्रात म्हणतो की संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा निर्माण होते. आपण हे वचन अंत्यविधीला, आजारपणात पटकन वापरतो आणि आशा पहिल्याच दिवशी मागतो. पौलाने तिला शेवटी ठेवलंय. सेरामपूरच्या माणसांकडे १८१२ मध्ये जी आशा दिसते ती सात वर्षं एकही बंगाली माणूस बाप्तिस्म्याला पुढे आला नाही, तरी टिकून राहण्यातून आलेली होती. पहिला बाप्तिस्मा झाला २८ डिसेंबर १८०० रोजी, कृष्ण पाल यांचा.

शिवाय एक गोष्ट मिशनरी चरित्रं घाईघाईने उरकतात. खिळे परत ओतले ते मनोहर आणि त्यांच्या हाताखालच्या कारागिरांनी. मनोहर शेवटपर्यंत हिंदूच राहिले. भाषांतरं पुन्हा उभी राहिली ती पंडितांच्या मदतीने, आणि तेही बहुतेक आपापल्या धर्माचेच होते. तेव्हा या ख्रिस्ती आशेला हात कुणाचे लागले, तर पुष्कळसे बिनख्रिस्ती. मला यात अडचण दिसत नाही. उलट देव कुणाकडून कसं काम करवून घेतो याचा पसारा आपल्या हिशेबापेक्षा मोठा आहे, एवढं त्यावरून दिसतं. पण साक्ष देताना ही नावं गाळणं हा कृतघ्नपणा होईल.

डॉरथीबाई

आता याच घरातली दुसरी बाजू. ती आगीच्या आधीची आहे, पण तिच्याशिवाय हे प्रकरण अर्धवट राहील.

केरींच्या पत्नी डॉरथी हिंदुस्थानात यायला मुळातच तयार नव्हत्या. आधी त्यांनी साफ नकार दिला. शेवटच्या घटकेला, जहाजाचा बेत लांबल्यावर, काही आठवड्यांचं बाळ कडेवर घेऊन आणि बहिणीला सोबत घेऊन त्या निघाल्या. मदनाबाटीला पीटर गेल्यानंतर त्यांचं मन ढासळलं. १७९५ पासून त्यांना नवरा बदफैली आहे असा भ्रम जडला. त्या चारचौघांत केरींवर आरोप करत. एकदा सुरी घेऊन अंगावर गेल्याचीही नोंद आहे. पुढे त्यांना बऱ्याचदा खोलीत कोंडून ठेवावं लागे. ८ डिसेंबर १८०७ रोजी त्या वारल्या.

ज्या दिवशी कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा झाला, मंडळीच्या इतिहासात ज्या दिवसाचा इतका गौरव होतो, त्या दिवशी एका खोलीत डॉरथीबाई आरडाओरडा करत होत्या, आणि दुसऱ्या खोलीत केरींचे जुने सहकारी डॉ. जॉन थॉमस. पहिल्या धर्मांतराच्या आनंदाने थॉमस यांचं भान सुटलं होतं. बाहेर नदीकाठी स्तोत्रगायन.

या दृश्यावर एखादं समाधानकारक भाष्य करायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. त्या काळी मानसिक आजारावर उपचार असा नव्हताच. केरींनी त्यांना वेड्यांच्या इस्पितळात टाकलं नाही, घरातच ठेवलं, हे त्यांच्या बाजूने सांगता येईल आणि सांगावंही. पण त्याचबरोबर हेही खरं की ज्या सहजीवनाने आगीत केरींना सावरलं त्यात डॉरथीबाईंना जागा मिळाली नाही. ते सहजीवन उभं राहिलं तोवर त्या त्यात भाग घेण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. पीटर गेला तेव्हा केरींना एक मित्र हवा होता असं ते लिहून ठेवतात. डॉरथीबाईंनाही एखादी मैत्रीण हवी असेल, पण लग्नाच्या वेळी त्यांना सही करता येत नव्हती, आणि त्यांच्या मनात काय होतं याचा त्यांच्या हातचा एकही कागद आपल्यापुढे नाही. त्यांचा विश्वास टिकला की गेला, हे म्हणण्याचा अधिकार म्हणूनच कुणाला नाही.

स्तोत्रसंहितेत एक ८८ वं स्तोत्र आहे. विलापाची इतर बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं. मनाच्या आजाराने ग्रासलेल्या माणसाला स्तोत्र ४६ वाचून दाखवणाऱ्यांनी आधी हे एकदा वाचावं, असं मला फार वाटतं.

आणि इथे केरींच्या त्या वाक्याकडे परत येतो: आपण जास्तच समाधानात होतो म्हणून प्रभूने खाली आणलं. स्वतःच्या नुकसानीचा असा अर्थ लावायचा हक्क केरींना होता. तो त्यांच्या आणि त्यांच्या देवाच्या मधला मामला. पण हेच वाक्य दुसऱ्या कुणी त्यांना ऐकवलं असतं तर? बायबलमधल्या ईयोबाने सगळं गमावलं तेव्हा त्याच्या तीन मित्रांनी नेमकं हेच केलं. सात दिवस ते त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले तोवर सगळं ठीक होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग ईयोबावर नाही, या मित्रांवर आहे. आपल्याकडे घरभेटीला जाणाऱ्यांना हे कुणी शिकवत नाही, आणि शोकाच्या घरात 'देवाला तुम्हाला काहीतरी शिकवायचं असेल' हे वाक्य आजही बिनदिक्कत ऐकू येतं.

पैसा आणि नाव

आगीची बातमी इंग्लंडला पोचायला सप्टेंबर उजाडला. केरींना पाठवणाऱ्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीचे चिटणीस अँड्र्यू फुलर यांनी आवाहन केलं आणि लोक अक्षरशः तुटून पडले. बॅप्टिस्ट नसलेल्या मंडळ्यांनीही वर्गण्या पाठवल्या. दोनेक महिन्यांत नुकसानभरपाईएवढी रक्कम जमली आणि आता पुरे, असं सांगायची वेळ आली.

साक्षींमध्ये गोष्ट इथे संपते, टाळ्या पडतात. फुलर यांना मात्र काळजी वाटू लागली. त्यांनी सेरामपूरला लिहिलं की या आगीने तुमच्या कामाला असं नाव मिळवून दिलंय जे दुसऱ्या कशानेही मिळालं नसतं, आणि या नावाचीच मला धास्ती वाटते. लोकांनी दावीदाला लाखोंचं श्रेय दिलं तेव्हा शौल राजाच्या मनात मत्सर पेटला, याची त्यांनी आठवण करून दिली. संकट सोसायचं बळ देवाकडे मागणारे पुष्कळ असतात. संकटानंतर मिळणारी वाहवा सोसायचं बळ मागणारा असा एखादाच चिटणीस.

फुलर १८१५ साली वारले. त्यांच्यानंतर सोसायटीत नवी मंडळी आली, त्यांनी केरींना कधी पाहिलेलं नव्हतं. सेरामपूरच्या जागा, इमारती, पैसा कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ताब्यात, यावरून पत्रापत्री सुरू झाली, आरोप झाले, आणि १८२७ मध्ये सेरामपूर आणि सोसायटी वेगळे झाले. बहुभाषी कोश कधीच छापला गेला नाही. जळालेल्या गोष्टींपैकी परत न आलेली ही एक मोठी गोष्ट. तरी केरींच्या पत्रांत त्याबद्दल फारशी हळहळ नाही. भांडणाबद्दल मात्र त्यांनी लिहिलं आहे की आयुष्यात मी पुष्कळ दुःखं पाहिली, पण या वादाइतकं माझं मन कशानेच पोखरलं नाही. हे लिहिणाऱ्याने पीटरला पुरलं होतं, डॉरथीबाईंची बारा वर्षं पाहिली होती आणि छापखाना जळताना गमावला होता.